बच्चू काही करत नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून नोंदी ठेवायच्या. कारखान्यात मी सगळ्यांना सांगतो की जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. घरीही तीच शिस्त हवी.

घटना : सकाळी ऑफिसला निघताना शेजारच्या डॉक्टरांचा कुत्रा सुटून अंगावर आला. सुटून म्हणणंही चूकच, कारण तो बांधलेला कधी नसतोच. फाटक सताड उघडं आणि हा गल्लीभर मोकाट. नाव बच्चू. उंची माझ्या कमरेपर्यंत, डोकं घमेल्याएवढं. मी शांतपणे स्कूटरच्या सीटवर चढून उभा राहिलो. याला घाबरणं म्हणत नाहीत, सुरक्षित अंतर राखणं म्हणतात. ही खिडकीतून बघत होती. तिच्या मते मी किंचाळलो. मला तसं आठवत नाही.

इजा : नाही. म्हणजे आमच्या भाषेत हा 'नियर मिस'. अपघात नव्हे, होता होता राहिलेला.

ही म्हणाली, डॉक्टरांकडे जा आणि कुत्रा बांधा म्हणून सरळ सांगा. हिचं सगळं असंच. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरेत सुया खुपसते, त्यामुळे जगातलं प्रत्येक काम एका टोचणीत उरकतं असं हिला वाटतं. माणसांशी संबंध राखून काम करून घेणं हे वेगळं शास्त्र आहे.

माझा प्रश्न नाहीच, मी समर्थ आहे. प्रश्न बाबांचा. बाबा ऐंशीला टेकलेत. बाजारात कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल आहे. आई गेल्यापासून त्यांना तेवढंच उरलंय. रोज चालत जातात, चालत येतात. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात काठी. वाट डॉक्टरांच्या फाटकावरून. बच्चू गुरगुरतो, बाबा काठी आपटतात, तो मागे सरतो. रोजचं झालंय हे. सेफ्टी ऑफिसरच्या घरात हे चालणार नाही.

संकल्प : महिन्याच्या आत कायमचा बंदोबस्त.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज विषय काढायचाच होता. योगही चांगला जुळून आलाय. माझ्या दाढेचं रूट कॅनल डॉक्टरांकडेच चालू आहे, म्हणजे भेट आपोआप, आणि मुद्दाम तक्रार घेऊन गेल्यासारखं दिसत नाही. वाक्यही ठरवून गेलो होतो : "डॉक्टर, एक शेजारी म्हणून आणि एक सुरक्षा तज्ज्ञ म्हणून."

खुर्चीत बसलो. त्यांनी इंजेक्शन दिलं, दोन्हीकडे कापसाचे बोळे कोंबले, लाळ ओढायची नळी अडकवली आणि स्वतःच बच्चूचा विषय काढला. बच्चू किती प्रेमळ आहे, बांधलं की कसा खिन्न होतो, प्राण्याला मोकळं ठेवलं की तो कसा समंजस होतो, वगैरे. "बच्चू काही करत नाही हो. लोकच घाबरून त्याला घाबरवतात." मग मला विचारलं, बरोबर ना?

तोंडात ड्रिल असताना मान आडवी हलवणं धोक्याचं असतं. म्हणून उभी हलवली.

ही म्हणाली, इंजेक्शनच्या आधी बोलायचं ना. मागाहून सगळेच शहाणे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आमच्या शास्त्रात धोक्याशी लढायच्या पायऱ्या असतात. पहिली, धोका हटवा. ते जमत नसेल तर बदला, अडसर घाला, माणसाला नियम शिकवा. आणि सगळ्यात शेवटची, सगळ्यात कमकुवत पायरी म्हणजे माणसालाच जाडजूड काहीतरी घालायला द्या. नव्या कामगारांना मी हे पहिल्याच दिवशी घोकून घेतो.

वेळ कमी असल्यामुळे शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली. स्टोअरमधून बाबांसाठी वेल्डरचे पायाला बांधायचे चामडी पट्टे आणि कोपरापर्यंतचे हातमोजे आणले. बाबांनी पट्टे उलटसुलट करून बघितले. म्हणाले, "मला दुकानात जायचंय रे, लढाईवर नाही." हातमोज्यांना तर हातही लावला नाही. त्यांच्या बोटांबद्दल ते फार हळवे आहेत. हिवाळ्यात कोमट पाण्यात बुडवून बसतात, भाजी चिरायला सुरी घेत नाहीत. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायची असते, म्हणतात, बोटाला कळलं पाहिजे.

दोन्ही वस्तू कपाटात वरच्या फळीवर. आमच्या बाजूने पुरवठा झालेला आहे. वापर करणं न करणं ज्याचं त्याचं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कुत्र्यांना पळवणारी शिट्टी मागवली होती, आली. माणसाला ऐकू येत नाही म्हणे. वाजवली. बच्चू गल्लीच्या पार टोकाला झोपला होता, तिथून उठून धावत आला.

स्कूटर नशिबाने जवळ होती. नियर मिस.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दाढेची दुसरी फेरी. आज इंजेक्शनच्या आधीच बोलायचं ठरवून गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला आणि म्हणाले, प्रकरण खोल आहे, दाढ आज उघडी ठेवतो, पुढचे दोन आठवडे जपून. आता मला सांगा, ज्याच्या हातात आपली उघडी दाढ आहे त्या माणसाशी कुणी वाद घालतं का? वाद टळला नाही, पुढे ढकलला. दाढ बुजेपर्यंत.

निघताना बच्चूची तब्येत कशी आहे असं मात्र आवर्जून विचारलं. डॉक्टर खूश झाले. पाया रचला गेला.

घरी बाबांनी विचारलं, बोललास का. म्हटलं, बोलणी चालू आहेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मोठी गोष्ट घडली!

सकाळी बच्चू नेहमीप्रमाणे दात विचकून समोर. माझ्या हातात डबा. घाईत डब्यातली बिस्किटं खाली पडली. त्याने हुंगली, खाल्ली, आणि माझ्याकडे बघितलं. मी आणखी एक टाकलं. त्याने शेपूट हलवली. मी स्कूटरवर न चढता, जमिनीवर उभा राहून, सावकाश स्कूटर सुरू केली आणि गेलो. दिवसभर प्रेस शॉपमध्ये मी वेगळाच चालत होतो म्हणे. फोरमनने विचारलं, बढती झाली का.

पायरी दुसरी : धोका बदला. शत्रूचा मित्र करा. डॉक्टरांशी बोलायची गरजच संपली. जो प्रश्न न बोलता सुटतो तोच खरा सुटतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बच्चू आता आमच्याच फाटकाशी बसतो. सकाळी बिस्किटं, संध्याकाळी पाव, रविवारी उकडलेलं अंडं. मी आलो की लोळण घेतो. गल्लीत सगळे आपापल्या खिडक्यांतून बघतात. ज्या जनावराला अख्खी गल्ली टरकून असते ते माझ्या बुटावर हनुवटी टेकून पडतं, हे बघून लोकांना काय वाटत असेल ते मी समजू शकतो.

डॉक्टर गाडीतून उतरताना हसून म्हणाले, "तुम्ही तर आमचा बच्चू पळवलात की."

हिला काहीच कौतुक नाही. म्हणते, कुत्रा जिथे खातो तिथली राखण करतो, त्याला आपलं फाटक स्वतःचं वाटायला लागलंय. मी म्हटलं, मग चांगलंच आहे, फुकटचा वॉचमन. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. हिच्या बघण्यात नेहमी वाईटच काहीतरी असतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पेपरवाला आता लांबूनच पेपर भिरकावतो. दूधवाल्याने पिशव्या पलीकडच्या घरी ठेवल्या. त्याची तक्रार अशी की फाटकाच्या कडीला हात लावला की बच्चू हातावरच येतो. म्हणजे राखण चोख आहे. पेपरवाल्याची पँट थोडी फाटली, पण कातडीला धक्का नाही.

नियर मिस. दोन्ही.

ही म्हणाली, "अहो, संध्याकाळी बाबाही त्याच कडीला हात लावतात." मी तिला समजावलं की घरच्या माणसाचा वास कुत्र्याला कळतो. हे मी कुठेतरी वाचलंय, किंवा कुणीतरी सांगितलंय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

निरीक्षण : बच्चू बाबांवर गुरगुरतो ते काठीमुळे. काठी दिसली की त्याची मान ताठ होते. म्हणजे धोका कुत्रा नाही, काठी आहे. मूळ कारण सापडलं! कारखान्यातही असंच होतं, लोक मशीनला दोष देत बसतात.

बाबांना शेजारी बसवून सगळं नीट सांगितलं. बंदोबस्त झालाय, कुत्रा आता आपला आहे, काठी घरी ठेवून जा, निर्धास्त जा. बाबा बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. मग विचारलं, "नक्की का?"

मी म्हटलं, नक्की. माझं कामच आहे ते.

"तू म्हणतोस तर ठीक," म्हणाले, आणि काठी दाराआडच्या खुंटीला अडकवली.

मला खरं सांगायचं तर भरून आलं. लहानपणी बाबांनी माझं म्हणणं असं पहिल्या झटक्यात कधी ऐकलं नव्हतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चाचणी. सकाळी मी स्वतः फाटकाशी उभा राहिलो, हातात बिस्किट. बाबा काठीशिवाय बाहेर पडले. बच्चू बिस्किट खात होता, त्याने वरही बघितलं नाही. संध्याकाळीही मी लवकर आलो आणि फाटक उघडून धरलं. निकाल समाधानकारक. नियम लागू.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पुढच्या आठवड्यात सुरक्षा सप्ताह. तयारीला श्वास घ्यायला फुरसत नाही. यंदाचा विषय हात आणि बोटं. आमच्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय मशीन खाली येत नाही. का? कारण दोन्ही हात बटणावर असले की एकही हात साच्यात नसतो. इतकं साधं, इतकं सुंदर. गेटवरच्या फळ्यावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा रोज सकाळी मी माझ्या हाताने बदलतो. यंदाचं घोषवाक्यही मीच लिहिलंय : दहा घेऊन आलात, दहा घेऊन जा.

संध्याकाळी बाबांना फाटक उघडायला आता मी नसतो. गरजही नाही. दोन दिवस ते आपले आपण आले. विचारलं तर म्हणाले, आज पलीकडच्या बाई बाहेर होत्या, त्यांनी त्याला हाकललं. काल? काल दूधवाला होता.

म्हणजे व्यवस्था चालते आहे.

रविवार, २ मार्च

उद्याचं भाषण पाठ. हिने परत डॉक्टरांचा विषय काढला. मी म्हटलं, सप्ताह संपू दे. ती म्हणाली, मी फोन करू का? मी म्हटलं, नको, बायका मध्ये पडल्या की संबंध बिघडतात. फोन नाही केला तिने. ऐकते कधीकधी.

सोमवार, ३ मार्च

भाषण उत्तम झालं. टाळ्या.

फोन सायलेंटवर होता. हिचे पुष्कळ कॉल होते.

बाबा हॉस्पिटलमध्ये. उजवा हात.

मंगळवार, ४ मार्च

क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा असतो.

बाबा संध्याकाळी दुकानातून आले. डाव्या हातात पेटी. गल्लीत कुणी नव्हतं. बच्चू आमच्या फाटकाशी बसलेला. बाबांनी उजवा हात कडीवर ठेवला. त्याने हात धरला आणि सोडलाच नाही. बाबांकडे काठी नव्हती. पेटीने त्याला मारता आलं असतं, पण पेटीत लोकांची घड्याळं होती, म्हणून त्यांनी मारली नाही. हे त्यांनीच हिला सांगितलं. पेटी हळूच कुंपणाच्या भिंतीवर ठेवली आणि मग ओरडले. पलीकडच्या बाई बादली घेऊन धावल्या.

अंगठा आणि पुढची दोन बोटं. हाड नाही, पण आतले दोर तुटले, त्याला काय म्हणतात ते सर्जनने सांगितलं, मी लिहून घेतलं नाही. जखमेच्या कडेने रेबीजची इंजेक्शनं दिली. बाबा एवढ्या वेळात एकदाच बोलले. सर्जनला विचारलं, चिमटा धरता येईल का?

सर्जन म्हणाला, पेला धरता येईल.

कारखान्यात फळ्यावरचा आकडा आज मी बदलला. एकने वाढवला. अपघात कारखान्याच्या आवाराबाहेरचा आहे, नियमाप्रमाणे तो धरत नाहीत.

बुधवार, ५ मार्च

डॉक्टर फळं घेऊन हॉस्पिटलात आले. फार वाईट वाटलं म्हणाले. बच्चूची सगळी इंजेक्शनं वेळच्या वेळी दिलेली आहेत, तेव्हा त्या बाजूने काळजी नको. मग मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तो हल्ली तुमच्याकडेच असायचा ना, तुम्हीच खायला घालायचात, आपलं घर समजून राखण केली बिचाऱ्याने.

मी फळांची पिशवी हातात घेतली. हॉस्पिटलात आवाज चढवायचा नसतो.

पालिकेचा माणूस गल्लीत विचारून गेला, कुत्रा कुणाचा. पेपरवाला, दूधवाला, पलीकडच्या बाई, सगळ्यांनी आमच्याच घराकडे बोट दाखवलं. एकालाही सारासार विचार नाही. लोकांच्या डोळ्यांवर किती विसंबायचं याला मर्यादा असते.

गुरुवार, ६ मार्च

हिने डॉक्टरांच्या बायकोला फोन केला. मला न विचारता. मी बाथरूममध्ये होतो, दाढी होईपर्यंत फोन संपलाही. एवढंच म्हणाली, "कुत्रा आत्ताच्या आत्ता बांधा." ना शेजारी म्हणून, ना तज्ज्ञ म्हणून. प्रस्तावना नाही, काही नाही.

बाहेर येऊन बघितलं तर डॉक्टरांचं फाटक बंद, आणि बच्चू आत मागच्या झाडाला साखळीने बांधलेला.

अर्थात, माझ्या महिनाभराच्या बोलण्यांनी जमीन तयार झाली होती म्हणूनच.

ही माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाकघरात भांडी फार हळू ठेवते. आदळली असती तर बरं वाटलं असतं.

रविवार, ९ मार्च

बाबा घरी. हाताला एवढं मोठं बँडेज, हात गळ्यात अडकवलेला. खिडकीशी खुर्ची लावून दिली. जेवताना हिने भरवलं तेव्हा मान खाली घातली.

मी विषय काढला. नाही म्हटलं तरी काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात. म्हटलं, बाबा, तुम्ही कडीला हात लावायच्या आधी लांबून हाक मारायला हवी होती, हिला किंवा शेजाऱ्यांना. हे मी दोष म्हणून नाही, पुढच्या काळजीसाठी म्हणतोय.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तो त्या दिवशी लांबूनच गुरगुरत होता. मी परत फिरणार होतो. मग म्हटलं, तू बंदोबस्त केलायस. उगाच घाबरलो तर तुझा विश्वास नाही असं दिसेल."

रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

काठी अजून दाराआड खुंटीला आहे. जाता येता खांद्याला लागते. तिची जागा बदलायला हवी.

मंगळवार, ११ मार्च

रजा टाकून बाबांच्या टेबलाशी बसलो. लोकांची घड्याळं परत द्यायची होती. प्रत्येकाला चिठ्ठीवरच्या नावाने हाक मारून दिलं. काही चालू झालेली, बरीच उघडीच. एका म्हातारबाईंनी विचारलं, बाबा कधी येणार, हे दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नाही मला. म्हटलं, किरकोळ अपघात आहे, येतील लवकरच. त्यांनी घड्याळ परत टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, मग राहू दे इथेच.

आता ते ड्रॉवरमध्ये आहे. बाबांना सांगितलं नाही.

संकल्प : डॉक्टरांना तोंडावर सुनवायचं. काहीही झालं तरी. उद्या कॅप बसवायची आहे, तेव्हा दाढ बुजलेली असेल. आता कुठलीच अडचण नाही.

बुधवार, १२ मार्च

कॅप बसली. आज बोळे नाहीत, नळी नाही, इंजेक्शन नाही. तोंड पूर्ण रिकामं. डॉक्टरांनी आरसा बाजूला ठेवला, हातमोजे काढले, माझ्याकडे बघून विचारलं, "काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, डावीकडे थोडी उंच लागतेय.

त्यांनी घासून दिली.

परत येताना त्यांच्या फाटकाशी आलो तर आतून साखळी खळखळली. बच्चू. मला बघून लोळण घेतली, शेपूट झाडावर आपटत होता. अख्ख्या गल्लीत मला बघून आनंद झालेला तो एकटाच.

बाबा खिडकीशीच होते. विचारलं, "बोललास का?"

हो म्हटलं.

"बरं झालं," म्हणाले. मग डावा हात माझ्यापुढे केला. मनगटावरचं घड्याळ हॉस्पिटलात असल्यापासून बंद पडलं होतं. किल्ली द्यायला उजवा हात लागतो, आणि हिला सांगायचा त्यांना संकोच वाटला असावा. मी बारीक गोल चकती चिमटीत धरून फिरवायला लागलो. आयुष्यात कधी दिली नव्हती, घरात घड्याळजी असताना मला कशाला. किती द्यायची ते विचारावं लागलं.

बाबा म्हणाले, अडेल तिथे थांब.